काळी, बरड आणि मधला चर

आमच्या शेताची वाटणी झाली तेव्हा मी चहाचा ट्रे धरून दारात उभी होते. त्या चहानं माझं नुकसान केलं असं मी अजूनही म्हणते. हात मोकळे असते तर मी बोलले असते.

आमच्याकडची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. रीत शहाणी आहे. उरलेला वाटा आपल्याला घ्यायचाय हे माहीत असलेला माणूस वाटे सारखेच पाडतो. माझे मोठे दीर, मी त्यांना दादा म्हणते, त्यांनी वाटे पाडले. एकीकडे काळी, कसदार मातीची, विहिरीसकट. दुसरीकडे बरड. बरड म्हणजे नुसता मुरूम आणि दगड, मध्ये उंचवटा आणि खाली ओढ्यापर्यंत गेलेली एक निमुळती शेपटी. बरड आकारानं मोठं, म्हणून वाटे सारखे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मग सगळे माझ्या नवऱ्याकडे बघू लागले.

आमचे हे तेव्हा सातपूरला कारखान्यात पाळीवर जायचे. रात्रपाळी करून आले होते, डोळे तांबडे. ते म्हणाले, "दादा, तुझ्यासमोर मी काय उचलू? तूच दे."

आणि दादांनी दिलं. बरड.

मोठेपणा दाखवायची ही आमच्या घरातली खोड आहे. समोरचाही मोठेपणानं म्हणेल, "नाही रे, आधी तू," अशी आशा असते. दादा तसं म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून ते समोर आले की माझ्या डोक्यात ट्रेमधले कप वाजतात.

बरडावर तेव्हा काही यायचं नाही. हुलगे टाकले तर हुलगे, नाहीतर कुसळं. यांच्या पगारात घर चालायचं, पण मला बसवत नव्हतं. मी झेंडूचे हार करून शहरात द्वारकेच्या चौकात, सिग्नलच्या अलीकडे पोतं टाकून विकायला बसले. तिथं मी माणसं वाचायला शिकले. गाडीची काच पूर्ण खाली करणारा घेणार असतो. अर्धी करणारा फक्त भाव विचारतो. मी आवाज चढवला की शेजारच्या फळवाल्या काकू म्हणायच्या, "अगं, गिऱ्हाईक हाय ते, सवत नाय." पण माझे हार संध्याकाळपर्यंत संपायचे आणि त्यांची केळी उरायची. पुढे मी आजूबाजूच्या मळ्यांतून फुलं घेऊन हारवाल्यांना पुरवू लागले. वणीच्या देवीला नवरात्रात लागणारी फुलं देऊ लागले. आज माझी स्वतःची पिकअप गाडी आहे. त्यात दादांचा काडीचा हात नाही, हे मी न विचारताही सांगते.

दुसऱ्यांच्या फुलांवर किती दिवस जगायचं, म्हणून एका वर्षी मी बरडावरच झेंडू लावला. दादा बांधावर उभं राहून हसले. "धाकटे, मुरमात फुलं? देवाला दगड वाहणार का?"

पहिल्या वर्षी ते बरोबर ठरले. तेव्हाचा पाऊस जुन्या चालीचा होता. श्रावणात झड लागायची. दिवस दिवस भुरभुर चालायची, कपडे वाळायचे नाहीत, चुलीवरच्या दोरीला ओले फडके लोंबायचे. असा पाऊस काळीला मानवतो. काळी तो घोट घोट पिते आणि पोटात धरून ठेवते. पाऊस गेला, थंडी पडली, तरी आतली ओल पिकाला पुरते. बरडाचं तसं नाही. त्याला धरून ठेवता येत नाही. आज पडलं ते उद्या ओढ्यात. ओढा तेव्हा होळीपर्यंत बारीक का होईना वाहायचा, आम्ही त्यात गोधड्या धुवायचो. माझा झेंडू गुडघ्याइतकाही झाला नाही. दादांचा कमरेला लागला.

मग पावसाची चाल बदलली. एका वर्षात बदलली असं नाही. आधी वाटलं यंदा जरा वेगळं आहे. मग पुढच्या वर्षीही वाटलं, यंदा जरा वेगळं आहे. असं म्हणता म्हणता तेच नेहमीचं झालं. आता मृगात ढग येतात आणि तोंड दाखवून जातात. आठवडेच्या आठवडे कोरडे, दुपारचं ऊन वैशाखासारखं. मग एका दुपारी आभाळ फाटतं आणि श्रावणभर पडायचा तो पाऊस जेवणं व्हायच्या आत पडून जातो. दसऱ्याला जाणारा पाऊस दिवाळीचे दिवे विझवून जातो. थंडीला भेटायचं तर वाट बघावी लागते. पलीकडचे द्राक्षवाले ऐन फुलोऱ्यात ढगाळ हवा आली की फवारणीचे पंप पाठीवर घेऊन दिवसभर फिरतात. काहींनी बागेवर प्लास्टिकचं छप्पर घातलंय. दुरून पाहिलं तर शेत आहे की मांडव, कळत नाही.

गावात एकदा समाजमंदिरात हवामान बदलावर माहिती द्यायला शहरातून माणसं आली होती. पडद्यावर बर्फाचा डोंगर कोसळताना दाखवला, मग पांढरं अस्वल दाखवलं. मी उठून म्हटलं, "साहेब, अस्वल आमच्याकडे येत नाही. आमचा ओढा दाखवा ना. तो होळीपर्यंत वाहायचा, आता एका तासात पूर येतो आणि महिन्यात धूळ उडते." लोक हसले. पण साहेब भला माणूस होता. कार्यक्रम संपल्यावर माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत चालत आला, फोटो काढले. म्हणाला, "ताई, दोन्ही गोष्टी एकच आहेत." मी म्हटलं, "असेल. पण माझ्या शेताला हा लागून आहे."

या बदललेल्या पावसात माझं बरड उजळलं. हे कुणी मला शिकवलं नाही, मी बघून ओळखलं. धो धो पाऊस पडला की काळी उपळते. पाणी वर येऊन थांबतं, चिखलात पाय रुततो, वाफसा म्हणजे पाय ठेवता येईल इतकी ओल उतरायला दिवसच्या दिवस जातात. तोवर मुळ्या गुदमरतात. बरडावर पाऊस थांबल्यावर चहा पिऊन या, तुम्ही चपला घालून फिरू शकता. मी गादीवाफे उंच केले, त्यावर माती झाकायचा मल्चिंगचा कागद अंथरला, ठिबक टाकलं. झेंडूला पाय ओले ठेवणं आवडत नाही. तो माझ्याकडे खूश झाला.

बरडाचे तोटेही आहेत, ते लपवून माल विकायची माझी सवय नाही. मोठ्या पावसात माती निघून जाते. उंचवट्यावरची माझी माती वाहत वाहत दादांच्या काळीत जाऊन बसते, त्याबद्दलही मी त्यांना बोलते. आणि पाऊस लांबला की बरड आधी करपतं. मी बोअर घेऊन पाहिलं, धूळ निघाली. विहीर दादांची. पाणी द्यायचे, पण मर्जीनं. "बघू, मोटार मोकळी झाली की." ती मोटार कधी मोकळी झालेली मी पाहिली नाही.

आता त्या वर्षीचं सांगते.

दसऱ्याचा झेंडू लावताना लोक आभाळ बघत नाहीत, पंचांग बघतात. दसरा कधी आहे त्यावरून मागे मोजत येतात आणि रोपं लावतात. दादांचा तर नक्षत्राच्या वाहनावर विश्वास. पंचांगात हस्ताचं वाहन कोल्हा होतं, म्हणजे पाऊस बेताचा, म्हणून त्यांनी सबंध काळीत सपाटीवरच झेंडू लावला, वाफेसुद्धा उचलले नाहीत. मी म्हटलं, "दादा, पावसानं पंचांग वाचलंय का?" ते म्हणाले, "तुझ्या मुरमाचं बघ."

शिवाय एक गोष्ट मधल्या काळात झाली होती, तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. काळीच्या पलीकडून गावाचा रस्ता जातो. पूर्वी तो शेताच्या बरोबरीनं होता, काळीतलं पाणी रस्ता ओलांडून पलीकडच्या नाल्यात उतरायचं. रस्ता सिमेंटचा झाला आणि उंच झाला. पलीकडे बंगल्यांचे प्लॉट पडले. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला माझा उंचवटा, मधली काळी बशीसारखी झाली. जुना पाऊस असता तर बशीनं काही बिघडलं नसतं.

घटस्थापनेच्या आदल्या दुपारी पाऊस आला. पन्हाळीतून पाणी पडत नव्हतं, पन्हाळी दिसतच नव्हती. सकाळी थांबला तेव्हा मी बरडावर गेले. चार कळ्या झडल्या होत्या, बाकी झाडं अंग झटकून उभी. उंचवट्यावर चढून पलीकडे पाहिलं. काळीत आभाळ उतरलं होतं. झेंडूचे नुसते शेंडे पाण्यावर, आणि त्यांच्यामध्ये ढग.

दादा बांधावर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय काळे. ते बांध ओलांडून माझ्याकडे कधी येत नसत. त्यांच्यामागे माझी थोरली जाऊ, तिला मी अक्का म्हणते. आमचे हे रात्रपाळीहून नुकतेच आलेले, तेही आले.

"धाकटे, तुझी फुलं बरी दिसत्यात."

"उभी हायेत."

"आमची बुडाली."

"दिसतंय."

ते जरा थांबले. "तुझ्या बरडाच्या शेपटीतून चर काढू दे. पाणी ओढ्याला लावतो. आज निघालं तर निम्मं वाचंल. उद्यापर्यंत राह्यलं तर मुळ्या सडल्या समज."

शेपटीतली फुलं सगळ्यात टपोरी होती. वणीला द्यायची ती तिथूनच तोडायची होती. "माझ्या ओळी जातील."

"चारदोन."

"चारदोन कुणाच्या? तुमच्या असत्या तर मीही चारदोनच म्हटलं असतं."

आमचे हे म्हणाले, "अगं, जाऊ दे ना, दादाच हाय..."

"तुम्ही गप बसा. तुम्ही वाटणीला एकदा बोललात, तेवढं पुरलंय मला."

अक्का कपाळावर हात मारून म्हणाली, "तुमचं भांडण व्हईस्तोवर आमची रोपं मरतील गं. लवकर काय ते भांडा."

मी म्हटलं, "मी मोटार मोकळी झाली की सांगते."

हे दादांना लागलं. त्यांचा चेहरा लाल झाला. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी बांधावर आपटली. "इतकी वरसं तेच ना तुझं? काळी, काळी! घे मग काळी. विहिरीसकट घे. बरड दे मला. बदलून टाकू. आत्ता बोल, या दोघांसमोर."

आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ज्या जमिनीसाठी मी इतकी वर्षं चिडले होते, ती समोर पसरलेली होती आणि मालक म्हणत होता, घे. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्यात ढग सरकत होते. समोरचा माणूस जे झटकन देतो ते आधी हातात घेऊन नीट बघायचं, हे मी द्वारकेला शिकले. फुलवालाही शेवटचा वाटा स्वस्त लावतो तेव्हा खालची फुलं ओली असतात. मी मनात पाऊस पुढं चालवून पाहिला. जुना पाऊस परत येणार असता तर मी तिथंच हात पुढं केला असता. पण तो येत नाही, हे मी बरडावर उभी राहून दरवर्षी बघत होते. बशी तशीच राहणार, रस्ता खाली जाणार नाही, आभाळ असंच फाटत राहणार.

"नको," मी म्हटलं.

अक्कानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आलाय.

"नको? मग पायजे काय तुला?" दादा ओरडले.

"तुमचं साचतं, माझं वाहून जातं. पावसाळ्यात चर तुमचा, उन्हाळ्यात पाणी माझं. दर आठवड्याला माझी पाळी, ठरलेल्या वारी. मर्जीवर नाय. आणि चर आजच्यापुरता फुलं तुडवून नाय काढायचा. आज काढू, पण पाऊस उघडला की दोन्ही बाजूंनी दगड रचून पक्का करायचा, तुमच्या खर्चानं. माझी माती जाते ती त्यात अडली पायजे."

"कबूल."

"इतक्या लवकर कबूल?"

"बाई, मी पाण्यात उभा हाय."

"अजून एक राहिलंय. वाटणीला आधी आम्ही उचलायचं होतं. एवढं फक्त म्हणा."

दादांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "टिकाव कुठं हाय तुमचा?"

ते वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही. मी ते सोडलं नाही, फक्त त्या सकाळी बाजूला ठेवलं. बाजारात सगळं एका वेळी मिळत नाही, जे मिळालं ते आधी पिशवीत टाकायचं.

जेसीबी बोलावला असता तर चिखलात रुतून बसला असता, म्हणून हातानंच खणलं. मुरूम फावड्याला दाद देत नाही, टिकावाचे घाव घालावे लागतात. दादा आणि आमचे हे समोरासमोर खणत होते. अक्का पाटीनं मुरूम उपसत होती. माझ्या टपोऱ्या ओळी मी स्वतः तोडल्या, कळ्यांसकट, टोपल्यात भरल्या, मग जागा मोकळी करून दिली. यांना रात्रपाळीची झोप येत होती, पण टिकाव थांबत नव्हता. मध्येच दादा म्हणाले, "कारखान्यात गेला तरी हात शेताचाच हाय अजून." ह्यांनी पुढचा घाव दुप्पट जोरानं घातला. मी त्यांचा फुललेला चेहरा पाहिला आणि मला पुन्हा राग आला. एवढ्या एका वाक्यावर हा माणूस काळी देऊन टाकतो.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा शेवटचा मुरूम फुटला. आधी पाणी घोटाळलं, जणू त्याला वाट खरी वाटेना. मग लालसर काळं पाणी शेपटीतून ओढ्याकडे धावलं. जाताना माझी आणखी एक ओळ मुळासकट घेऊन गेलं. मी ओरडले. अक्का म्हणाली, "ओरड बाई, आज तुझा हक्क हाय."

दादांचं निम्मं वाचलं नाही. उंचवट्याकडची एक पट्टी वाचली, बाकी पिवळं पडून झोपलं. त्या पट्टीतली फुलं मीच विकली, माझ्या फुलांबरोबर, एकाच गाडीतून. दसऱ्याच्या दिवशी द्वारकेला पुन्हा भुरभुर लागली होती. लोक छत्र्या धरून झेंडू घेत होते. एक बाई म्हणाली, "ओली आहेत फुलं." मी म्हटलं, "ताई, आभाळही ओलं आहे, त्याला कुणी परत करत नाही."

पाऊस उघडल्यावर चराच्या कडा दगडांनी रचल्या गेल्या. उन्हाळ्यात माझ्या पाळीच्या दिवशी मोटार चालू झाली. एकदा दादा विसरले तेव्हा मी विहिरीवर जाऊन असा आवाज काढला की पलीकडच्या बंगल्यातल्या बाई गॅलरीत आल्या. पुढं ते विसरले नाहीत. चैत्रात गारा पडल्या तेव्हा दोघांचंही नुकसान सारखंच झालं, गारांना वाटणी कळत नाही. पण एकूण सांगायचं तर दोन्ही शेतं मिळून आता एका शेतासारखी वागतात. एकाचं जास्तीचं दुसऱ्याच्या कमीत जातं. हे आधी कधीच करता आलं असतं, असं कुणी म्हटलं की मी म्हणते, आधी कुणी विचारलं होतं का?

पुढच्या झेंडूच्या वेळी आम्ही रोपं एकत्र मागवली. काळीत यंदा उंच वाफे असतील आणि खोलगट भागात झेंडू अजिबात नसेल, हे मी ठरवलं आणि दादा पंचांग बघत बघत हो म्हणाले. नर्सरीची गाडी आली. दादांनी स्वतः ट्रे उतरवून चराच्या अलीकडे पलीकडे दोन ढीग केले. आमचे हे, अक्का, मी, सगळे उभे होतो. वाऱ्याला रोपांचा ओला वास होता.

दादा दोन्ही ढिगांपासून मागे सरकले. चराकडे बघत म्हणाले, "उचल धाकटे. आधी तू."

आमच्या ह्यांनी तोंड उघडलं. "दादा, तूच..."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं.

या वेळी माझ्या हातात चहाचा ट्रे नव्हता. मी दोन्ही ढिगांभोवती सावकाश फिरले. एकेक ट्रे उचलून खालून मुळ्या पाहिल्या, पानं उलटी करून पाहिली. दादा चुळबुळत होते. "ऊन चढतंय गं."

"चढू दे," मी म्हटलं, आणि डावीकडचा ढीग उचलला.